मोठा ग्राहक आणि लहान पुरवठादार



एखाद्या नामांकित कंपनीची ऑर्डर हाती आली की लहान कारखान्यात आनंदीआनंद होतो, आणि तो स्वाभाविकही आहे. कायमचे गिऱ्हाईक मिळाले, यंत्रे रिकामी राहणार नाहीत, बँकही कर्जाचा विचार अधिक अनुकूलतेने करील, असे मालकास वाटते. परंतु दोनतीन वर्षांनी त्याच कंपनीच्या खरेदी विभागाचे पत्र येते. पुढील वर्षापासून दर पाच टक्क्यांनी कमी करावा, अन्यथा अन्य पुरवठादाराचा विचार करावा लागेल, असा त्याचा आशय असतो. या पत्राचा भार अखेर कोणावर पडतो, हा आजच्या विवेचनाचा विषय होय.

बेळगावच्या फौंड्री-व्यवसायाचे उदाहरण घेतल्यास हा प्रश्न नीट उमगेल. उद्यमबाग व आसपासच्या वसाहतींतून वाहने, पंप व यंत्रसामग्री यांना लागणारे सुटे भाग ओतले जातात. त्यांस लागणारे पिग आयर्न शेजारच्या गोव्यात आमोणे येथेही तयार होते. आता हिशेबाच्या सोयीसाठी असे धरू की, एका कास्टिंगची विक्री-किंमत १०० रुपये आहे. त्यांपैकी कच्च्या मालाचे ५५, विजेचे १४, मजुरीचे १६ आणि वाहतूक, हत्यारे, देखभाल, परत आलेला माल इत्यादींचे १० रुपये वजा जाता मालकाच्या हाती ५ रुपये उरतात. दरात पाच टक्के कपात होताच ही शिल्लक पूर्णपणे नाहीशी होते. लोखंडाचा भाव बाजार ठरवतो आणि विजेचा दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. त्यांवर लहान कारखानदाराची सत्ता चालत नाही. उरतात ती मजुरी आणि देखभाल. गेलेले ५ रुपये केवळ मजुरीतून भरून काढायचे म्हटल्यास १६ रुपयांची मजुरी ११ रुपयांवर येते. म्हणजे कंपनीच्या कार्यालयातील पाच टक्के भट्टीपाशी उभ्या असलेल्या कामगाराच्या वाट्यास जवळजवळ एकतृतीयांश होऊन येतात. मजुरी वाचवली तर सुरक्षिततेची साधने, यंत्रांची निगा व मालाची तपासणी यांवर कात्री चालते. त्याचे परिणाम पुढे अपघाताच्या किंवा सदोष मालाच्या रूपाने प्रकट होतात.

दरकपातीचा आणखी एक प्रकार आहे. तो पत्रात लिहिलेला नसतो, म्हणून सहसा ध्यानात येत नाही. १०० रुपयांचे बिल १२० दिवस थकले आणि कारखानदाराने ती रक्कम बँकेकडून १२ टक्के व्याजाने उभी केली, तर व्याजापोटी सुमारे ३ रुपये ९५ पैसे जातात. पाच रुपयांच्या शिल्लकेतून उरतो जेमतेम एक रुपया. विलंबाने दिलेले पैसे म्हणजे वस्तुतः कमी दिलेले पैसेच होत.

यावर मोठ्या कंपन्यांचे म्हणणे असे की, त्यांनाही स्पर्धेस तोंड द्यावे लागते आणि स्वस्त मालाचा लाभ अंतिमतः ग्राहकास मिळतो. या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. प्रश्न आहे तो खर्च खरोखर कमी करण्याचा की केवळ दुसऱ्याच्या माथी ढकलण्याचा. वाहन-उद्योगाच्या इतिहासात या दोन्ही रीतींचे दाखले मिळतात.

१९९२ साली अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या खरेदी विभागाची सूत्रे होसे इग्नासियो लोपेझ यांच्याकडे आली. त्यांनी पुरवठादारांशी झालेले करार पुन्हा उघडले, नव्याने निविदा मागवल्या आणि मोठ्या कपातीचा आग्रह धरला. कंपनीची बचत झाली. तथापि पुरवठादारांचा विश्वास उडाला. आपले नवे तंत्र प्रथम या कंपनीस दाखवावे, असे त्यांना वाटेनासे झाले. लोपेझ १९९३ च्या मार्चमध्ये फोक्सवॅगनकडे निघून गेले, परंतु ही कटुता मागे राहिली.

जपानची टोयोटा कंपनीही दराच्या बाबतीत काटेकोरच. मात्र अपेक्षित किंमत ठरवल्यावर ती गाठण्यासाठी आपले तंत्रज्ञ पुरवठादाराच्या कारखान्यात पाठवून खर्च कोठे वाचेल याचा शोध घेण्याची तिची पद्धत. १ फेब्रुवारी १९९७ रोजी ऐसिन सेकी या पुरवठादाराच्या कारिया येथील कारखान्यास आग लागली. ब्रेकमधील एक छोटी झडप टोयोटास जवळजवळ सर्वस्वी तेथूनच मिळत असे. मोटारींचे उत्पादन ठप्प झाले. तेव्हा सुमारे दोनशे लहानमोठे कारखाने आपण होऊन मदतीस धावले. शिवणयंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीनेही या झडपा करून दिल्या. आठवडाभरात उत्पादन बव्हंशी पूर्वपदावर आले. वर्षानुवर्षांच्या विश्वासाचे हे फळ, हे वेगळे सांगावयास नको.

आपल्याकडे कायद्याने कोणते संरक्षण दिले आहे, तेही पाहिले पाहिजे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ अन्वये सूक्ष्म व लघु पुरवठादारास करारात ठरलेल्या मुदतीत, परंतु कोणत्याही परिस्थितीत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत. मुदतीचा करारच नसेल तर ही मर्यादा १५ दिवसांची आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज देय होते. तक्रारीसाठी सुविधा परिषदा आहेत. परिषदेच्या निवाड्याविरुद्ध खरेदीदारास न्यायालयात जायचे असल्यास निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. दराविषयी मात्र असा थेट नियम नाही. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ४ नुसार वर्चस्वस्थानी असलेल्या उद्योगाने खरेदीत अन्याय्य दर लादणे निषिद्ध आहे. पण एखादा ग्राहक आपल्यापुरता मोठा असला, एवढ्यानेच तो कायद्याच्या अर्थाने वर्चस्वस्थानी ठरत नाही. जपानने १९५६ सालीच उपकंत्राटदारांसाठी केलेल्या कायद्याने ठरलेली रक्कम विनाकारण मागाहून कमी करण्यास मनाई केली होती, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

कायदा असूनही अनेक पुरवठादार परिषदेची पायरी चढत नाहीत. याचे कारण अज्ञान नव्हे, भय होय. तक्रार केली तर थकलेले पैसे मिळतील, परंतु पुढची ऑर्डर जाईल, ही धास्ती. ज्याचा निम्म्याहून अधिक माल एकाच दारी जातो, त्याला ही धास्ती बाळगावीच लागते. म्हणून सावधगिरी ऑर्डर घेतानाच बाळगली पाहिजे. करार करण्यापूर्वी उद्यम नोंदणी पूर्ण असावी. ऑर्डर, माल पोचल्याची पावती आणि पैसे देण्याची मुदत लेखी असावी. पिग आयर्न, भंगार व वीज यांच्या भावांतील चढउतारानुसार दर बदलण्याचे कलम करारात घालून घ्यावे. प्रत्येक वस्तूचा उत्पादनखर्च स्वतंत्रपणे काढलेला असावा. ज्यास आपला खर्च ठाऊक नाही, त्यास कोणत्या दराला नकार द्यावा हेही कळत नाही. एकाच गिऱ्हाइकावर सारा भार टाकू नये. कच्च्या मालाची सामुदायिक खरेदी आणि संघटनेमार्फत वाटाघाटी हे मार्गही चोखाळून पाहावेत, कारण एकट्या कारखान्यास जो दबाव असह्य होतो, तो वीस कारखाने एकत्र आल्यास पुष्कळसा सुसह्य होतो.

मोठ्या खरेदीदारांनीही दरकपातीचे पत्र पाठवण्यापूर्वी त्या पाच टक्क्यांचा हिशेब पुरवठादारासमवेत बसून मांडावा. बचत भट्टीच्या सुधारणेतून, वाया जाणाऱ्या मालातून वा विजेच्या काटकसरीतून होत असेल, तर ती उभयतांस हितावह ठरेल. ती केवळ ओतकाम करणाऱ्याच्या रोजातून होणार असेल, तर असा दर मागणे उचित नव्हे आणि तो कबूल करणेही उचित नव्हे.