वाचनालयातला चहा आणि रणभूमीवरची पत्रे



वाचनालयात चहा करू नये, हा नियम जगातल्या बहुतेक वाचनालयांत असतो आणि तो मोडणारे कोणी ना कोणी बहुतेक वाचनालयांत निघतातच. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरातल्या किंग एडवर्ड शाळेत १९११ च्या उन्हाळ्यात हा नियम मोडणारे दुसरेतिसरे कोणी नसून त्या शाळेच्या वाचनालयाची व्यवस्था पाहणारे विद्यार्थीच होते. परीक्षांचे दिवस होते. वाचनालयाच्या एका कोपऱ्यात स्पिरिटच्या शेगडीवर पाणी तापे, खाद्यपदार्थ कोटाच्या खिशातून येत. मोठी अडचण चहाच्या चोथ्याची. संध्याकाळी झाडलोट करणारी मंडळी येत, त्यांच्या बादलीत तो गुपचूप लोटून द्यावा लागे. या उद्योगाला मुलांनी ‘चहा मंडळ’ असे नाव दिले. पुढे बॅरो नावाच्या दुकानातील उपाहारगृहात बैठका भरू लागल्या, तेव्हा त्या नावाला ‘बॅरोव्हियन सोसायटी’ हे शेपूट जोडले गेले. इंग्रजी आद्याक्षरांनी ते झाले टी. सी. बी. एस.

या मंडळात बरेच जण येऊन गेले. अखेर गाभा उरला तो चौघांचा. जॉन रोनाल्ड टॉल्किन हा लहानपणीच आईवडिलांना पारखा झालेला, जुन्या भाषांच्या नादी लागलेला मुलगा. ख्रिस्टोफर वाइझमन गणिती आणि संगीतवेडा. रॉबर्ट गिल्सन हा शाळेच्या मुख्याध्यापकांचाच मुलगा. त्याचा हात चित्रकलेत चाले. आणि वयाने सर्वांत लहान जेफ्री बाश स्मिथ, कवी. शाळा संपल्यावर टॉल्किन आणि स्मिथ ऑक्सफर्डला गेले, तर वाइझमन आणि गिल्सन केंब्रिजला. एरवी अशी मंडळे येथेच विरतात. नवे मित्र मिळतात, सुट्ट्या निराळ्या ठिकाणी जातात, वर्षातून एखादे शुभेच्छापत्र तेवढे उरते. हेही मंडळ कदाचित त्याच वाटेने गेले असते. परंतु ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटले.

त्या वर्षीच्या डिसेंबरात चौघे वाइझमनच्या लंडनमधील घरी दोन दिवस एकत्र राहिले. शेगडीभोवती बसून रात्री जागवल्या. आपण काहीतरी मोलाचे करण्यासाठी जन्मलो आहोत, ही तरुण वयातली सार्वत्रिक समजूत त्यांनी त्या रात्री गंभीरपणे एकमेकांपुढे मांडली आणि कोणी कोणाला हसले नाही. आपल्यातल्या कवीला वाचा फुटली ती या बैठकीमुळे, असे टॉल्किन पुढे मानीत असे. सप्टेंबर १९१५ मध्ये लिचफील्ड गावी चौघांची पुन्हा भेट झाली. चौघे एका ठिकाणी जमल्याचा तो शेवटचा प्रसंग. पुढचा सारा संसार पत्रांचा.

वाइझमन नौदलात शिक्षक-अधिकारी होऊन ‘सुपर्ब’ या युद्धनौकेवर गेला. गिल्सन सफोक रेजिमेंटच्या अकराव्या पलटणीत, स्मिथ लँकेशायर फ्युजिलियर्सच्या एकोणिसाव्या पलटणीत. टॉल्किन पदवी पुरी करून मग सैन्यात शिरला आणि जून १९१६ मध्ये लँकेशायर फ्युजिलियर्सच्याच अकराव्या पलटणीबरोबर फ्रान्सला पोचला. त्याच्याकडे पलटणीच्या संदेशवहनाचे काम होते. टेलिफोन, झेंडे, दिवे, कबुतरे यांच्या साहाय्याने निरोप पोचवायचे. एका सैनिकाचा निरोप दुसऱ्यापर्यंत धड पोचेल याची जबाबदारी ज्याच्यावर, त्यालाच आपला जिवलग मित्र जिवंत आहे की नाही हे दोन आठवडे कळू नये, असा प्रसंग पुढे येणार होता.

लष्करी टपालाची व्यवस्था त्या काळाच्या मानाने थक्क करणारी होती. खंदकातल्या माणसालाही घरचे पत्र काही दिवसांत मिळे. मात्र शिपायांची पत्रे त्यांचेच अधिकारी वाचून पुढे धाडीत. घाई असल्यास छापील कार्ड असे; त्यावरची नको ती वाक्ये खोडायची, बाकी काही लिहायचे नाही. आपण कोठे आहोत हे कळवण्याची बंदी असल्याने टॉल्किन आणि त्याची पत्नी यांनी पत्रातल्या ठिपक्यांची एक खूण ठरवून घेतली होती.

मित्रांमधली पत्रे मात्र खुशालीपुरती नव्हती. त्यांतून कविता फिरत. टॉल्किनने नोव्हेंबर १९१५ मध्ये लिहिलेली एक दीर्घ कविता स्मिथ खंदकात जपून बाळगीत असे. ३ फेब्रुवारी १९१६ रोजी रात्रीच्या गस्तीवर जाण्यापूर्वी त्याने टॉल्किनला पत्र लिहिले. आज रात्री मी पडलो तरी चौघांचे हे मंडळ मोडणार नाही. जे मला म्हणायचे होते ते म्हणायला तुमच्यापैकी कोणी तरी मागे असेल. म्हणून तू आपल्या कविता छापून घे, असा त्या पत्राचा आशय. लिहिणारा एकवीस वर्षांचा होता. त्या गस्तीवरून तो सुखरूप परतला.

१ जुलै १९१६ रोजी सॉमची लढाई सुरू झाली. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे सुमारे ५७ हजार लोक हताहत झाले आणि त्यांपैकी १९ हजारांहून अधिक मेले. ला ब्वासेलजवळ आपल्या माणसांना पुढे नेताना गिल्सन मारला गेला. स्मिथ त्याच दिवशी दुसऱ्या ठिकाणी लढत होता, तो वाचला. आठवड्याभरात स्मिथ आणि टॉल्किन यांची बूझँकूर गावी गाठ पडली. सवड मिळेल तसे ते दोन-तीन दिवस भेटत राहिले, कवितेविषयी बोलले, युद्धानंतरचे बेत केले. गिल्सन काही मैलांवर मरून पडला आहे, हे दोघांनाही ठाऊक नव्हते! स्मिथला ते कळले वर्तमानपत्रातल्या यादीतून. १५ जुलैला त्याने टॉल्किनला चार ओळींत ते कळवले आणि मला एकटा सोडू नकोस, पत्र लिही, अशी विनवणी केली.

येथून पुढचा पत्रव्यवहार हा या कथेतला सर्वांत अवघड भाग. टॉल्किनने लगेच हवे तसे उत्तर दिले नाही. १२ ऑगस्टच्या पत्रात त्याने जे लिहिले ते सांत्वनाचे नव्हते. काहीतरी तडकले आहे; आपण आता एका अखंड देहाचे अवयव आहोत असे वाटत नाही; ज्या थोरपणाची आपण स्वप्ने पाहिली ती गिल्सनच्या वाट्याला आली नाही, मग ती मंडळाची होती की आपापली? असा तो सूर. स्मिथ यावर चिडला. हे मंडळ म्हणजे काही सभासदांची नोंदवही नव्हे, ती एक वृत्ती आहे आणि ती मृत्यूने संपत नाही, असे त्याने निक्षून कळवले. दोघांपैकी बरोबर कोण, याचा निवाडा करण्याचे कारण नाही. टॉल्किनचा प्रामाणिकपणा कठोर होता, स्मिथची श्रद्धा हट्टी होती. पण समोरासमोर बसून जे भांडण एका कपभर चहात मिटले असते, ते कागदावर आठवडेच्या आठवडे रेंगाळले. सुदैवाने ऑगस्टमध्येच दोघे पुन्हा भेटले आणि बरोबर जेवले. ती त्यांची अखेरची भेट.

ऑक्टोबरअखेर टॉल्किनला खंदकतापाने गाठले आणि तो बर्मिंगहॅमच्या इस्पितळात येऊन पडला. २९ नोव्हेंबरला, प्रत्यक्ष लढाई नसताना, आपल्या शिपायांसाठी फुटबॉलचा सामना ठरवण्याच्या खटपटीत रस्त्याने चाललेल्या स्मिथला फुटलेल्या गोळ्याचे तुकडे लागले. जखमा किरकोळ आहेत, असे त्याने आईला कळवले. जखमा चिघळल्या आणि ३ डिसेंबर १९१६ रोजी तो गेला. ही बातमी टॉल्किनला वाइझमनने जहाजावरून पत्राने दिली.

स्मिथची आई विधवा होती. थोड्याच दिवसांत, जानेवारी १९१७ मध्ये, तिचा दुसरा मुलगाही मेसोपोटेमियात पडला. त्या रणभूमीचे नाव मराठी माणसाला परके नाही. कुतला वेढ्यात सापडून एप्रिल १९१६ मध्ये शरण जावे लागलेल्या सैन्यात ११० वी मराठा पलटण होती. कोकणातल्या आणि घाटावरच्या किती घरांतून त्या वेळी पोस्टमनची वाट पाहिली गेली असेल! तेथे आलेले पत्र बहुधा दुसऱ्याने लिहिलेले आणि तिसऱ्याने वाचून दाखवायचे. त्यातले फार थोडे जपले गेले. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुलांची पत्रे पेटीत राहिली, म्हणून त्यांची कथा सांगता येते, एवढा भेद ध्यानात ठेवलेला बरा.

त्या माउलीने मुलाच्या कविता गोळा करण्याची विनंती केली. टॉल्किन आणि वाइझमन यांनी पत्रापत्री करून, हस्तलिखिते जमवून, क्रम लावून त्या सिद्ध केल्या. ‘अ स्प्रिंग हार्वेस्ट’ या नावाने १९१८ मध्ये ते लहानसे पुस्तक लंडनहून निघाले. टॉल्किनने त्याला छोटे प्रास्ताविक लिहिले. त्या कविता आज फारसे कोणी वाचत नाही. मंडळाने चौघांच्या नावाने केलेले छापील काम म्हणाल तर हे एवढेच.

टॉल्किनने इस्पितळातून बाहेर पडण्याच्या सुमारास गोंडोलिन नगरीच्या विनाशाची कथा लिहायला घेतली, आणि तेथून पुढे जे उभे राहिले ते जगाला ठाऊक आहे. १९१८ पर्यंत एक सोडून सारे जिवलग मित्र गेले होते, असे त्याने आपल्या गाजलेल्या कादंबरीच्या नंतरच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नमूद केले. तो ‘एक’ म्हणजे वाइझमन. टॉल्किनने १९२४ साली जन्मलेल्या मुलाचे नाव ख्रिस्टोफर ठेवले ते त्याच्यावरूनच. वाइझमन टाँटन येथील क्वीन्स कॉलेज या शाळेचा मुख्याध्यापक झाला आणि १९५३ पर्यंत त्या पदावर राहिला. दोघांच्या भेटी विरळ होत गेल्या. युद्धात पत्रांनी जे टिकवले ते शांततेच्या काळात हळूहळू सैल पडले, हेही सांगितलेच पाहिजे; नोकरी, मुलेबाळे, अंतर यांचा तोफांशी संबंध नसतो.

तरी मे १९७३ मध्ये, मृत्यूच्या तीन-चार महिने आधी, एक्क्याऐंशी वर्षांच्या टॉल्किनने वाइझमनला पत्र लिहिले. खाली सही केली आणि सहीनंतर, शाळेच्या वाचनालयात चहा चोरून करीत असत त्या काळातली चार अक्षरे लिहिली. टी. सी. बी. एस.