बोलता येणे हेही शिक्षणच



मंडळाच्या वर्धापनदिनी मला चार शब्द बोलावयास सांगितलेत, याबद्दल मी आपली आभारी आहे. माझा व्यवसाय जरा चमत्कारिकच म्हणावयाचा. होऊ घातलेल्या इंजिनियरांना मी बोलावयास शिकविते! 'अहो, आमच्या घरी तर गप्प बसायला शिकवावे लागते,' असे आपल्यापैकी कितीतरी जणी मला म्हणतात. पण हे काही माझे एकटीचे खूळ नव्हे. मुंबई विद्यापीठाने २०१९ च्या अभ्यासक्रमात इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी आणि पुन्हा तिसऱ्या वर्षी 'व्यावसायिक संभाषण व नीतिमूल्ये' हा विषय ठेवला.

याची गरज काय? शेजारणीने 'दोन वाट्या रवा' सांगितला, तर आपण आधी विचारतो, 'वाटी केवढी?' १९९८ साली अमेरिकेने मंगळाकडे धाडलेल्या यानाच्या बाबतीत नेमके हेच विचारावयाचे राहिले. एका गटाने आकडे पौंडाच्या मापात दिले, दुसऱ्याने ते मेट्रिक माप समजून घेतले. यान मंगळाच्या फार जवळ गेले आणि हरवले. विद्वत्तेत कोणी कमी नव्हते. उणे पडले ते सांगण्या-विचारण्यात.

आपल्या मरोळच्या शेजारी १९७३ पासून सीप्झ आहे. तेथे बसलेल्या मुलीचे सहकारी शिकागोत असतात, जर्मनीत असतात. ती ३/४ अशी तारीख लिहिते ती तीन एप्रिल म्हणून. अमेरिकेतला माणूस वाचतो चार मार्च. ती 'कोटी' म्हणते, त्याला 'दहा मिलियन' सांगावे लागते. आणि आपले ते 'हो, हो'! आपल्या मनात त्याचा अर्थ 'ऐकते आहे' एवढाच. तिकडला साहेब समजतो, काम कबूल झाले. म्हणून मी मुलांना पहिले वाक्य शिकविते ते हे: 'मला हे समजले नाही, पुन्हा सांगाल का?' हे म्हणावयास धीर लागतो.

मराठी शाळांतून आलेली मुले माझ्याकडे येतात. गणितात तरबेज, पण मुलाखतीत तोंडाला कुलूप. अशीच एक मुलगी होती. गटचर्चेत वीस मिनिटांत तिने एक अक्षर काढले नाही, आणि उत्तर तर तिच्याच वहीत बरोबर होते! मी तिला म्हटले, 'इंग्रजी राहू दे. इमारतीचा पंप पाणी वर कसे चढवतो, ते आज घरी आजीला मराठीत समजावून सांग. आजीने काय विचारले, ते मला लिहून आण.' आजीने सात प्रश्न विचारले! त्या सात उत्तरांचीच आम्ही दहा छोटी इंग्रजी वाक्ये केली आणि ती तिने वर्गापुढे उभे राहून सांगितली. नोकरी लागावयास पुढे वर्ष गेले. पण ती पुन्हा गप्प बसली नाही.

मला सांगावयाचे ते एवढेच की, इंग्रजी मागाहून येते. मुद्दा आधी मनात स्वच्छ लागतो, आणि तो घरच्या भाषेतच लवकर स्वच्छ होतो. मग 'मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस' असे मुलींना उठता-बसता सांगून, बाविसाव्या वर्षी तिने परक्या साहेबाला 'हा आराखडा चुकतो आहे' असे ठणकावून सांगावे, ही अपेक्षा आपण कशी करणार?

तेव्हा माझी एक विनंती आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ मंडळाने आळीतल्या मुलामुलींना द्यावी. प्रत्येकाने पाच मिनिटे आपण शिकतो त्यातले काही सांगावे. आपण ऐकावे, आणि न समजल्यास निःसंकोच विचारावे. आपल्याला फारसे कळत नाही, हीच येथे आपली मोठी योग्यता! ज्याला आपल्याला समजावता आले, त्याला जगात कोणालाही समजावता येईल.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत. आता प्रश्न विचारा, म्हणजे माझे बोलणे पुरे झाले असे मी समजेन.