मैत्रिणीचा दिवस कोणता?

वसुबारसेला आपण गाय-वासराला ओवाळतो, त्या दिवशी दूध-तूप खात नाही. भाऊबीजेला भावाला ओवाळतो. मग मैत्रिणीचा दिवस कोणता?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंची गाभण शेळी दगावली. लेकीसारखी वाढवलेली. दोन दिवस ताई जेवल्या नाहीत. आम्ही बैठकीत आधी विचारलं ते हप्त्याचं! त्या उठून निघून गेल्या. आमची आम्हाला लाज वाटली. संध्याकाळी सगळ्या त्यांच्या घरी गेलो, रिकाम्या दावणीपाशी बसलो. हप्ता पुढे ढकलला. एकीनं आपल्याकडचं करडू दिलं.

आता आम्ही बैठकीत आधी विचारतो, "घरची माणसं, जनावरं बरी आहेत ना?" हप्ता नंतर. मैत्रिणीचा दिवस तोच, बैठकीचा.