बदलापूर ते मुंबई : आपला वेळ आणि आपली मुले
(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात दिलेले भाषण)



चिटणीसांनी मला सांगितले की, तुम्ही एकतीस वर्षे लोकलने प्रवास केलात, तेव्हा त्यावरच बोला. मी म्हणालो, त्यात बोलण्यासारखे काय आहे? इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी तेच केले आहे. पण नंतर वाटले की, जे सगळेच करतात त्याचा हिशेब कुणीच मांडत नाही. तो आज मांडू.

आम्ही मूळचे नायगावच्या बी.डी.डी. चाळीतले. एकशे साठ चौरस फुटांची खोली, माणसे नऊ. वडील गिरणीत रिंग खात्यात होते. जुन्या काळी गिरण्यांतून आपल्या माणसांना साच्याच्या खात्यात घेत नसत, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपल्या तोंडचा धागा इतरांना चालत नसे. साच्यावर पगार जास्त, म्हणून ते दार बंद. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कित्येक पुन्हा आत गेलेच नाहीत. वडील त्यांच्यातलेच. खोली थोरल्या भावाकडे राहिली, मी धाकटा. 1987 साली बायकोचे मंगळसूत्र आणि ऑफिसच्या सोसायटीचे कर्ज यांवर इथे बदलापुरात तळमजल्याची एक खोली आणि स्वयंपाकघर घेतले. मुंबईत राहणे जमले नाही म्हणून आम्ही इथे आलो, हे सरळ सांगतो. हवा चांगली म्हणून आलो, असे पाहुण्यांना सांगत होतो.

तेव्हा स्टेशनपासून घरापर्यंत भाताची खाचरे होती. पावसाळ्यात चपला हातात आणि पँट गुडघ्यापर्यंत. ही रेल्वे काही आपल्यासाठी आलेली नव्हती. 1854 साली ती कल्याणला आली आणि 1856 साली घाटाच्या दिशेने इथून पुढे गेली. माणसे नंतर आली. 2001 च्या शिरगणतीत आपले गाव लाखाच्या आत होते, 2011 मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेले, आणि आजची गर्दी तुम्ही रोज फलाटावर पाहताच.

आता हिशेब. बदलापूर ते सी.एस.एम.टी. 68 किलोमीटर. घर ते ऑफिसची खुर्ची, दोन तास जायला, दोन तास यायला. वर्षाचे कामाचे दिवस 280 धरा. एकतीस वर्षांचे किती होतात? 34,720 तास. रात्रंदिवस धरले तर चार वर्षांना काही दिवस कमी. निवृत्त झाल्यावर एका दुपारी मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर हे गणित केले आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. चार वर्षांत माणूस पदवीधर होऊन वर एक वर्ष उरते. आणि हे गाडी वेळेवर असेल तर. मेगाब्लॉक, पाऊस, सिग्नलचा बिघाड हे सगळे वेगळे. आमच्या ऑफिसात तीन लेट मार्कला एक रजा कापत. साहेब दादरला राहत, त्यांना कल्याणच्या पुढेही रेल्वे असते याचेच नवल वाटे.

माझी मुले लहान असताना मी निघे तेव्हा ती झोपलेली आणि परत येई तेव्हाही झोपलेली असत. धाकटा मला रविवारचे बाबा म्हणे. लोक हसत, मीही हसे.

भगिनींचा हिशेब तर याहून कठीण. माझी पत्नी पहाटे चारला उठून पाणी भरी, दोन डबे करी आणि तीसुद्धा नोकरीला जाई. संध्याकाळी लेडीज डब्यात मेथी निवडत येई. डब्यातल्या बायका एकमेकींच्या शेंगा सोलून देत. त्या डब्यात जेवढी सुखदुःखे बोलली गेली तेवढी माझ्याशी घरी बोलली गेली नाहीत, हे मला कबूल केले पाहिजे.

शेवटच्या स्टेशनाचा एक फायदा म्हणतात की, इथूनच सुटणाऱ्या गाडीत बसायला मिळते. तेही खरे नाही. मंडळी अंबरनाथहून उलटी येऊन जागा धरून बसतात. पुढे तिघांच्या बाकावर चौथी सीट, आणि कुठे बसायचे हे ग्रुप ठरवतो. या ग्रुपबद्दल थोडे बोलतो, कारण विद्यार्थ्यांना ते उपयोगी पडेल.

गर्दीने एक मोठे काम केले आहे. दारातल्या रेट्यात कुणालाही विटाळ पाळता येत नाही. कुणाचा घाम कुणाच्या सदऱ्याला लागला, कोण विचारणार? 1901 साली बाबासाहेब लहानपणी मसूर स्टेशनवर उतरले. चांगल्या कपड्यांतली मुले पाहून स्टेशन मास्तरने आपुलकीने चौकशी केली आणि जात कळताच तो मागे सरला. बैलगाडीवाले मिळेनात, शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांना स्वतः गाडी हाकावी लागली. त्या मानाने आपण पुष्कळ पुढे आलो. पण माझा अनुभव असा की, उभे असताना कुणी काही विचारत नाही, बसायला जागा मिळाली, डबा थोडा मोकळा झाला, की मग विचारतात, "आडनाव काय म्हणालात?" माझ्या ग्रुपमध्ये दोन वर्षे मी नुसता "बदलापूरवाले" होतो. 14 एप्रिलला मी पेढे वाटले. त्यानंतर एकाने माझ्या डब्यातली भाजी घेणे बंद केले. पोट बरे नसते म्हणाला. त्याचे पोट सहा वर्षे बरे नव्हते. दुसऱ्या एकाने मात्र मला बाबासाहेबांचे खंड मागितले, आणि शासनाने 1979 पासून काढलेल्या त्या जाड खंडांतले तीन त्याने त्याच गाडीत वाचून परत केले. दोघेही एकाच बाकावर बसत. कुणाकडे पाहून मत बनवायचे ते तुम्ही ठरवा. मी पेढे वाटणे सोडले नाही.

ते खंड 26 जुलै 2005 च्या पुरात भिजले. उल्हास नदीचे पाणी घरात कमरेपर्यंत होते. त्या रात्री मी मुंबईत अडकलो होतो. घरी पोहोचलो तेव्हा पत्नीने चादरी, तांदूळ यांच्या आधी पुस्तके गच्चीवर वाळत घातली होती. पाने फुगली, अक्षरे राहिली. 27 जुलै 2019 रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली तेव्हा साऱ्या देशाने आपला भाग दूरदर्शनवर पाहिला. एरवी आपली आठवण कोण काढतो?

9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकणारे प्रवासी पडले, काहींचा जीव गेला. त्यानंतर घरोघरी आईबापांनी मुलांना दारात उभे राहू नका म्हणून बजावले. पण आत शिरायला जागा नसेल तर मुलाने उभे कुठे राहायचे, याचे उत्तर मीही देऊ शकत नाही. एक गाडी सोडा, एवढेच म्हणतो. लेट मार्क लागू द्या.

आता जे बोलायला मी खरे तर उभा राहिलो ते बोलतो. बारावीनंतर माझ्या मुलीला मुंबईतल्या नामांकित कॉलेजात विज्ञान शाखेला प्रवेश मिळत होता. मी नको म्हणालो. पहाटेची गाडी, रात्रीचे परतणे, स्टेशनबाहेरचा अंधार, सगळी कारणे खरी होती. तिने जवळचे कॉलेज घेतले. आज ती शिक्षिका आहे, सुखात आहे, तक्रार कधी केली नाही. मागच्या वर्षी तिने सहज विचारले, "बाबा, दादा त्याच गाडीने जायचा ना?" मी उत्तर दिले नाही. अंधार दोघांना सारखाच होता.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी एक मागणी ठेवली आहे आणि ती इथेही सांगतो, कारण सभेत ती दोनदा पुढे ढकलली गेली. विहाराच्या वरचे सभागृह लग्न-साखरपुड्यांना भाड्याने जाते. त्या भाड्यावर संस्थेचे वीजबिल निघते, हे खजिनदारांचे म्हणणे खरे आहे. पण प्रवास करून रात्री नऊला घरी येणारा मुलगा एका खोलीत टी.व्ही. आणि पाहुण्यांमध्ये काय वाचणार? सोमवार ते शुक्रवार रात्री नऊ ते बारा आणि पहाटे साडेचार ते सहा हे सभागृह अभ्यासाला मोकळे ठेवा. लग्ने शनिवार-रविवारी होऊ द्या. मुलींना सोडायला-आणायला आम्ही निवृत्त मंडळी आळीपाळीने येऊ. सात जणांनी नावे दिली आहेत. ज्या मुली लांबच्या कॉलेजात जातात त्यांना पहाटे स्टेशनपर्यंत सोबत करायचीही आमची तयारी आहे. आम्हाला तशीही चारनंतर झोप येत नाही, एकतीस वर्षांची सवय आहे.

वीजबिलाची जी तूट येईल तिच्यासाठी माझ्या पेन्शनमधून दरमहा पाचशे रुपये मी लिहून दिले आहेत. ठराव आज जेवणापूर्वी मतास येणार आहे. कृपया कुणी जेवायला आधी उठू नये.