समोरचा माणूस ऐकत नसतो



गल्लोगल्ली तालमी असलेल्या या कोल्हापुरात, जिथे शिवजयंतीला लाठी, दांडपट्टा आणि विटा फिरवणारी मुलंमुली रस्त्यावर उतरतात, स्वसंरक्षण प्रशिक्षकांच्या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. मनापासून आभार. मी अमरावतीची. आमच्याकडे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे. त्याचं पथक 1936 साली ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन भारतीय खेळ दाखवून आलं, हे आम्ही अमरावतीकर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतो. तेव्हा परंपरेचा अभिमान मलाही आहे. पण आज थोडं कडू बोलणार आहे, आणि ते आपल्याच माणसांत बोलायचं असतं.

26 जानेवारीचा कार्यक्रम डोळ्यांसमोर आणा. शाळेचं मैदान, पाहुणे खुर्चीवर, पांढऱ्या कपड्यांतल्या मुलींच्या रांगा. एक मुलगी पुढे येते, एक मुलगा तिचा हात धरतो. ती मनगट फिरवते आणि तो हवेत उडून गादीवर पडतो. टाळ्या. मग कौलं फोडली जातात, पुन्हा टाळ्या. पाहुणे सांगतात की आता आपल्या लेकी निर्भय झाल्या. त्या मुलाला मात्र पाच आठवडे आधीपासून ठाऊक असतं की आपण कुठला हात धरायचा, किती घट्ट धरायचा आणि कधी पडायचं. रस्त्यावरच्या माणसाने आपली तालीम केलेली नसते. तो दुसऱ्या हाताने केस धरतो, शिवी देतो, ढकलतो, आणि मुख्य म्हणजे पडत नाही.

सरकारच्या बाजूने प्रयत्न नाहीत असं नाही. समग्र शिक्षा अभियानात राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे. सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिने, आणि शाळेला महिन्याला 5,000 रुपये. या पैशांत एक प्रशिक्षक येतो, दोनतीनशे मुलींसमोर उभा राहतो आणि रांगेत ठोसे मारायला लावतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याने दुसरं काय करावं? पण तीन महिन्यांनी त्याच मुलींच्या हातात प्रमाणपत्र पडतं आणि आपण सगळे त्यावर सही करतो. दोष असेल तर त्या सहीत आहे.

गंमत अशी की खरी पद्धत आपल्याच मातीत होती. कुस्तीच्या आखाड्यात रोज जोडीदाराशी लढत होते आणि तो जोडीदार तुम्हाला काहीही सहज करू देत नाही. खडाखडीतच कळतं की कालचा पाठ केलेला डाव आज लागत नाही. जपानात जिगोरो कानो यांनी 1882 साली कोडोकान सुरू केलं, तेव्हा जुन्या जुजुत्सूतले जीवघेणे प्रकार बाजूला ठेवून त्यांनी ‘रांदोरी’वर, म्हणजे मोकळ्या लढतीवर, भर दिला. जीवघेणा डाव जोडीदारावर पूर्ण ताकदीने कधीच करून पाहता येत नाही. साधा डाव रोज, प्रतिकार करणाऱ्या माणसावर करता येतो, म्हणून तोच अंगात मुरतो. इमी लिच्टेनफेल्ड हा मुष्टियुद्ध आणि कुस्ती खेळलेला गडी. 1930 च्या दशकात ब्रातिस्लाव्हात ज्यू वस्तीवर फॅसिस्ट टोळ्या चालून यायच्या. त्यांच्याशी रस्त्यावर दोन हात करताना त्याला कळलं की रिंगणातलं सगळंच्या सगळं तिथे चालत नाही. त्या अनुभवातून पुढे क्राव मगा हे स्वसंरक्षणाचं तंत्र उभं राहिलं. आज आपल्याकडे त्याचे बोर्ड लागलेत, शनिवार-रविवारचं शिबिर, चहा-नाश्त्यासह. इमीला काय वाटलं असतं कोण जाणे!

आता आपल्या रस्त्यांवर काय घडतं ते पाहू. तीन घटना सांगते. तिन्ही जाहीर आहेत, आणि तिन्हींची पोलिसांत, वर्तमानपत्रांत, न्यायालयांत नोंद आहे. पीडितांची नावं घेत नाही.

27 जून 2023. पुण्यात सदाशिव पेठेत, भर सकाळी, एक तरुण कोयता घेऊन एका मुलीच्या मागे लागला. ती पळत राहिली. बघणारे पुष्कळ होते. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या एका मुलाने पुढे होऊन कोयत्याचा हात धरला, पाठोपाठ आणखी काही तरुण धावले. मुलगी जखमी झाली, पण वाचली. यात कौलं फोडण्याशी संबंध असलेलं काहीही नाही. ती पळाली, ओरडली, थांबली नाही. तो मुलगा हत्यारासमोर पवित्रा घेऊन उभा राहिला नाही, त्याने हत्यार धरलेला हातच पकडला. आणि दुसरे आले म्हणून तो टिकला.

वर्षभराने, 18 जून 2024 ला, वसई पूर्वेला गावराईपाड्यात सकाळीच एका तरुणीवर लोखंडी पान्याने घाव घातले जात होते. एकाने थांबवायचा प्रयत्न केला. बाकीचे उभे राहिले, आणि ती तिथेच गेली. सदाशिव पेठ आणि वसई यांच्यातला फरक तंत्राचा नव्हता. दुसरा माणूस वेळेवर हलला की नाही, एवढाच होता. आपल्या कुठल्या वर्गात दोघातिघांनी मिळून एका हत्यारधाऱ्याला आवरण्याचा सराव होतो? मी तरी असे फार वर्ग पाहिलेले नाहीत. आपण एकट्या वीराची तालीम घेतो, आणि रस्त्यावर कामी येते ती माणसांची जोडी.

तिसरी घटना जुनी, पण मला ती सर्वांत जास्त शिकवते. 20 ऑक्टोबर 2011 च्या रात्री, अंधेरीला आंबोलीत, काही मित्रमैत्रिणी जेवायला गेल्या होत्या. मुलींची छेड काढली गेली, मित्रांनी हटकलं, झटापट झाली आणि छेड काढणारा निघून गेला. थोड्या वेळाने तो साथीदार आणि हत्यारं घेऊन परतला. एक तरुण त्याच रात्री गेला, दुसरा काही दिवसांनी रुग्णालयात. 2016 मध्ये चौघांना जन्मठेप झाली. त्या मुलांनी जे केलं ते योग्यच होतं, त्याला नखभरही उणं मी म्हणणार नाही. पण प्रशिक्षक म्हणून आपण त्यातून एक गोष्ट उचलायलाच हवी. पहिली झटापट संपली म्हणजे प्रसंग संपत नाही. अपमान झालेला माणूस परत येतो, तेव्हा एकटा येत नाही. पहिल्या झटक्यानंतर दोन मिनिटांत ती जागा सोडायची, मैत्रिणींना रिक्षात बसवायचं, हॉटेलवाल्याला सांगायचं, 112 लावायचा. याचा सराव करता येतो. पण तो दिसायला नेत्रदीपक नसतो, म्हणून आपण करत नाही.

हत्याराबद्दल आणखी एक. चाकू काढून घेण्याचे जे डाव आपण दाखवतो, त्यात हल्लेखोर सरळ हात लांब करतो आणि तसाच धरून ठेवतो. असा चाकू मी फक्त आपल्या वर्गांत पाहिला. खरा हल्लेखोर चाकू दाखवतच नाही. डाव्या हाताने गळपट्टी धरतो आणि उजव्याने एकामागून एक वार करतो. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटी पोलीस दलातले डेनिस ट्युलर यांनी 1983 साली दाखवून दिलं की धावत येणारा माणूस 21 फूट, म्हणजे साधारण साडेसहा मीटर, अंतर दीड सेकंदात कापतो. ते पिस्तूलधारी पोलिसांना सावध करत होते. आपल्या विद्यार्थिनीकडे पिस्तूल तर नाहीच, ओढणी आणि डब्याची पिशवी आहे. तिला शिकवायचं ते अंतर, मध्ये टेबल किंवा उभी मोटार घेणं, पळणं, आणि पळणं अशक्य झालं तर हत्याराचा हात दोन्ही हातांनी धरून न सोडणं. त्यासोबत रक्तस्राव दाबून धरायलाही शिकवा. 108 ची रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटं तुमच्याच हातात असतात.

सोनसाखळीचं बोलायला हवं, कारण आपल्या गावांत आणि शहरांत मध्यमवयीन बायकांना सर्वांत जास्त धोका तिथे आहे. मोटारसायकलवर दोघे, मागचा पत्ता विचारतो, वाकला की हात गळ्यात. भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेणं हा कलम 304 खाली स्वतंत्र गुन्हा झाला आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. कायदा झाला तरी बाई मंगळसूत्र घट्ट धरते आणि गाडीमागे फरफटत जाते. ‘सोडून द्या, दागिना जाऊ द्या’ असं आपण शिकवतो का? मी शिकवते, आणि दर वेळी वर्गात कुणीतरी गंभीर होऊन म्हणतं, ‘मंगळसूत्र कसं सोडायचं, ताई?’ हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. तो वर्गातच सुटला नाही तर रस्त्यावर सुटणार नाही. तीच गोष्ट तोतया पोलिसांची. ‘आजी, पुढे खून झालाय, दागिने काढून रुमालात बांधा’ म्हणणाऱ्याला कुठलाही ठोसा लागत नाही. त्याच्यासमोर ‘तुमचं ओळखपत्र दाखवा, मी चौकीत येते’ हे मोठ्या आवाजात म्हणता यायला हवं. सत्तरीच्या आजींकडून हे वाक्य पाचपन्नास वेळा म्हणून घेणं म्हणजेच त्यांचं स्वसंरक्षण प्रशिक्षण. मुंबईच्या लोकलला रुळांशेजारी उभं राहून दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठी मारून मोबाइल पाडणाऱ्या फटका गँगवर तर उपाय एवढाच, की दारात उभं राहून फोन काढू नये. त्याला पट्टा मिळत नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक आकडे वर्षानुवर्षं एकच सांगतात. बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. सदाशिव पेठ आणि वसईतसुद्धा हल्लेखोर ओळखीचाच होता. आणि आपण शिकवतो ते अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसाविरुद्ध! मैत्रिणीच्या भावाचा, क्लासच्या सरांचा, आधी प्रेमात असलेल्या मुलाचा हात झटकायला जी ताकद लागते ती मनगटाची नसते. ‘लोक काय म्हणतील’ ही आपल्या घरांतली जुनी पकड आहे, आणि तिच्यावरचा डाव कुठल्याच पद्धतीत नाही. त्यावर काम कसं करायचं याचं उदाहरण कॅनडात आहे. शार्लिन सेन आणि सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतल्या 893 विद्यार्थिनींवर अभ्यास केला आणि 2015 साली तो ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. प्रत्येकी तीन तासांची चार सत्रं. धोका ओळखणं, ओळखीच्या माणसाला नाही म्हणताना होणारा संकोच, आपल्याला नातं कसं हवं आहे याचा विचार, हे सगळं त्यात होतं. हातापायांचं तंत्र मुख्यतः एका सत्रात. वर्षभरात बलात्काराला सामोरं जावं लागलेल्यांचं प्रमाण नुसती पत्रकं मिळालेल्या गटात 9.8 टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्या गटात 5.2 टक्के. बारा तासांत हे साधलं. आपल्या तीन महिन्यांचं कुणी मोजमाप केलं आहे का?

कायद्याबद्दल आपल्या वर्गांत दोन टोकाच्या अफवा चालतात. एक, ‘मारलं तर तूच अडकशील.’ दुसरी, ‘स्वसंरक्षणात काहीही माफ.’ दोन्ही चूक. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत कलम 34 ते 44 यांत स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे, आणि दुसऱ्याच्या शरीराचं रक्षण करण्याचा हक्कही त्यात आहे. बलात्कार, अपहरण, अॅसिड हल्ला अशा प्रसंगांत तो हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत जाऊ शकतो. पहिला घाव बसेपर्यंत थांबावं लागत नाही, धोक्याची रास्त भीती वाटली की हक्क सुरू होतो. पण तो धोका संपला की हक्कही संपतो. पळणाऱ्याला गाठून बडवणं यात बसत नाही. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सविस्तर सांगितलं आहे. जीव धोक्यात असलेल्या माणसाच्या प्रतिकाराचं माप सोनाराच्या काट्यावर घेता येत नाही, हेही त्यात आहे. प्रत्येक प्रशिक्षकाने ही अकरा कलमं मराठीत वाचावीत. अर्ध्या तासाचं काम आहे.

आपल्यातल्या काहींना माझं बोलणं रुचणार नाही, कारण पट्टे, परीक्षा आणि त्यांच्या फीवर अनेकांचा संसार चालतो. माझाही चालतो. मर्दानी खेळ, कराटेचे काता, कौलं, सगळं राहू द्या. ते शरीर घडवतात, मुलीला मैदानात आणतात, आणि मुलगी मैदानात येणं हेच आपल्या समाजात मोठं आहे. फक्त त्याला स्वसंरक्षण म्हणून विकू नका.

संयोजकांनी दुपारच्या सत्रात एक ठराव ठेवला आहे. यापुढे आपल्यापैकी कुणीही स्वसंरक्षणाचं प्रमाणपत्र देताना विद्यार्थ्याची किमान एक परीक्षा अंगावर संरक्षक पॅड घातलेल्या, पूर्ण ताकदीने धरणाऱ्या, शिव्या देणाऱ्या आणि आधी न ठरवलेला हल्ला करणाऱ्या माणसासमोर घ्यावी. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जाऊन गेल्या वर्षी आपल्या भागात नेमके कुठले गुन्हे कसे घडले ते समजून घ्यावं आणि अभ्यासक्रम त्यावर बेतावा. हा ठराव टाळ्या वाजवून मंजूर करू नका. ज्यांना तो मान्य नाही त्यांनी व्यासपीठावर येऊन विरोध करावा, मी ऐकेन. ज्यांना मान्य आहे त्यांनी सही करण्याआधी पॅड घातलेल्या त्या माणसासमोर एकदा स्वतः उभं राहावं. मागच्या सभागृहात गाद्या अंथरल्या आहेत, आणि काळा पट्टा असणाऱ्यांनी रांगेत पुढे यावं, ही विनंती.