आकडा तोच, मूत्रपिंडं वेगळी



आठवीत बाईंनी मला फळ्यावर मूत्रपिंडाची आकृती काढायला सांगितली होती. मी दोन राजमे काढले आणि सगळा वर्ग हसला. आज त्याच राजम्यांबद्दल बोलायचं आहे. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, आणि मघाशी किती जणांनी बिनसाखरेचा चहा मागितला ते मी मोजलंय.

मधुमेह असला की आपण दरवर्षी क्रिएटिनिन तपासतो. १.१ आलं, आकडा ठळक छापलेला नाही, की सुटलो! पण क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमधून. स्नायू कमी, तर रक्तात ते मुळातच कमी. म्हणून वय आणि स्त्री की पुरुष हे धरून त्यावरून ‘ईजीएफआर’ काढतात, म्हणजे मूत्रपिंडं मिनिटाला किती मिलिलिटर गाळतात त्याचा अंदाज. आपण सगळे साठीचे. १.१ला आपल्या एखाद्या मित्राचा ईजीएफआर ७७च्या आसपास येईल, मैत्रिणीचा ५७च्या. तीन महिन्यांहून जास्त काळ ६०च्या खाली राहिला, तर तो मूत्रपिंडाचा जुनाट आजार.

हे मला पाठ होतं. तरी आईच्या बाबतीत चुकले. ती ६८ वर्षांची, अगदी काडी, पंधरा वर्षांची मधुमेही. तिच्या १.१च्या रिपोर्टवर मीच सही केली आणि फोनवर म्हटलं, ‘नॉर्मल आहे गं.’ हिशेब केला असता तर ५५ आला असता. पुढच्या दिवाळीत पावलं सुजून तिची जोडवी रुतायला लागली, तेव्हा कुठे मी लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण तपासलं. ३०च्या आत हवं, ते कितीतरी वर होतं. मधुमेहात बहुतेकदा हेच आधी वाढतं, आणि साध्या पट्टीला सुरुवातीचं अल्ब्युमिन कळत नाही. औषधं बदलली. डायलिसिस टळलं, पण मूत्रपिंडांचं गेलेलं बळ परत आलं नाही.

आईसारख्या बारीक माणसांत सिस्टॅटिन सी ही रक्ततपासणी जास्त खरं सांगते, कारण ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं. महाग आहे, सगळ्यांना लागत नाही. लघवीची तपासणी मात्र दरवर्षी हवीच. बाटली घेऊन जायला लाजता कसले? शाळेत याहून वाईट प्रकार केलेत आपण!

जेवणानंतर मी आठवी ‘ब’च्या वर्गात बसते. फोनमध्ये जुने रिपोर्ट असतीलच, घेऊन या. ईजीएफआर काढून देते. बाई, तुम्हीही या. तुमचा आधी बघते.