मंदीचा भार कोणाच्या खांद्यावर?

(धुळे येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंदी आली की उद्योगपती म्हणतात, परिस्थितीशी जुळवून घ्यावे लागते. वाक्य निरुपद्रवी वाटते. पण आपण लगेच विचारले पाहिजे की, जुळवून कोणी घ्यायचे? उत्तरासाठी दूर जायला नको. आपल्या खानदेशातच जन्मलेल्या विप्रोचे उदाहरण पुरेसे आहे.

१९४५ च्या डिसेंबरात अमळनेरला 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी स्थापन झाली. वनस्पती तूप व कपडे धुण्याचा साबण हा तिचा माल. तिचे भाग अमळनेरच्या सामान्य कुटुंबांनीही घेतले आणि जपले. पुढे ही कंपनी संगणकाच्या क्षेत्रात शिरली, तो केवळ मालकाच्या दूरदृष्टीचा चमत्कार नव्हता. परकीय चलन नियमन कायद्यानुसार आपले भागभांडवल ४० टक्क्यांवर आणण्यास आयबीएमने नकार दिला आणि १९७८ मध्ये भारत सोडला. त्या वेळी जनता सरकारात उद्योगखाते जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे होते. मोकळ्या झालेल्या बाजारपेठेत देशी कंपन्यांना वाव मिळाला. त्यांत विप्रोही होती. म्हणजे या उद्योगाच्या उभारणीत लोकनियुक्त सरकारच्या धोरणाचाही वाटा आहे.

आता २०२३ कडे पाहा. अमेरिका-युरोपात व्याजदर चढले, तेथील ग्राहकांनी खर्च आखडता घेतला आणि आपल्या संगणक-कंपन्यांची कामे रोडावली. फेब्रुवारीत विप्रोने, वार्षिक साडेसहा लाखांच्या नेमणुकीसाठी महिनोन्महिने थांबलेल्या नवपदवीधरांना विचारले, साडेतीन लाखांवर येता का? पुण्यातील 'नाइट्स' या कर्मचारी संघटनेने याला जाहीर विरोध केला. त्याच वर्षी जूनपर्यंत कंपनीने १२,००० कोटी रुपये खर्चून, दर समभागास ४४५ रुपये देऊन, स्वतःचेच समभाग भागधारकांकडून परत विकत घेतले. मार्च २०२४ अखेरच्या वर्षात कर्मचाऱ्यांची संख्या वीस हजारांहून अधिकांनी घटली.

तेव्हा पैसा नव्हता असे म्हणता येणार नाही. पैसा होता, तो कोणासाठी राखायचा याचा निर्णय झाला होता. अमळनेरच्या एखाद्या घरात आजोबांच्या भागांना चांगला भाव आणि नातवाला निम्म्या पगाराचे पत्र, असे एकाच वर्षी घडू शकते. चांगल्या दिवसांचा नफा भांडवलाचा आणि वाईट दिवसांची झळ श्रमाची, हीच ती व्यवस्था.

कोणी म्हणेल, अझीम प्रेमजींनी आपल्या संपत्तीचा फार मोठा हिस्सा शिक्षणकार्याला दिला आहे. ते खरे आहे आणि स्तुत्यही आहे. परंतु दान ही देणाऱ्याची इच्छा असते, ठरलेले वेतन हा श्रमिकाचा हक्क असतो. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. नेमणुकीचे पत्र कंपनीवर कायद्याने बंधनकारक हवे. ज्या वर्षी भागधारकांना असा पैसा वाटला जातो, त्या वर्षी नवागतांच्या वेतनाला कात्री लावण्यास मनाई हवी. आणि संगणकावर काम करणाऱ्यालाही संघटनेचा हक्क निर्भयपणे बजावता आला पाहिजे.

जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतून पुण्या-बंगळुरूला जाणाऱ्या मुलांना वाटते, युनियन ही गिरणी कामगारांची गोष्ट. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवणारे साने गुरुजी गिरणी कामगारांच्या पाठीशीही उभे राहिले होते. विद्यार्थी आणि कामगार हे त्यांना वेगळे वाटले नाहीत. गिरणीच्या फाटकावर जाण्याची आपली जुनी सवय आहे. आता आपण महाविद्यालयाच्या फाटकावरही गेले पाहिजे.